लोणार सरोवर

लोणार सरोवर : महाराष्ट्राच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार गावालगतचे खाऱ्या, अल्कधर्मी पाण्याचे सरोवर. ते बेसाल्ट (लाव्हा थिजून झालेल्या) खडकातील अशनिविवरात, म्हणजे अशनी आदळून झालेल्या खड्ड्यात, साचलेले आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किमी. असून काठ भोवतालच्या जमिनीपेक्षा सु. २० मी. उंच उचलला गेला आहे. काठावरून तळ सु. १४० मी. खोल दिसतो. पाणी मात्र उथळ असून त्याखाली सु. १०० मी. जाडीचा गाळ व त्याखाली पिचलेला खडक आहे.

नाव ‘लवण’ शब्दावरून आले असावे. विष्णूने लवणासुराला येथे मारल्याची कथा रूढ असून गावातील दैत्यसूदन मंदिर तिच्याशी जोडले जाते. आईन-इ-अकबरीत काच व साबणासाठी लागणाऱ्या येथील द्रव्यांचा उल्लेख आहे.

विवर कसे झाले, याचा वाद दीर्घकाळ चालला. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर यांनी सरोवराकडे लक्ष वेधल्यानंतर बहुतेक भूवैज्ञानिक ज्वालामुखी स्फोट किंवा जमीन खचणे हेच कारण मानत. चहूकडे लाव्ह्याचाच खडक असल्याने ते स्वाभाविकही होते. १८९६ मध्ये अमेरिकी भूवैज्ञानिक जी. के. गिल्बर्ट यांनी अमेरिकेतील अ‍ॅरिझोनाच्या विवराशी (आज अशनिविवर म्हणून मान्य) असलेले साम्य नोंदवले. निर्णायक पुरावा १९७३ मध्ये पुढे आला : विंधनातून काढलेल्या खडकात मॅस्केलिनाइट सापडले. फेल्डस्पार हे खनिज न वितळता केवळ आघाताच्या दाबाने काचरूप झाले म्हणजे ते बनते. ज्वालामुखीत एवढा दाब निर्माण होत नाही. वयाचा प्रश्न अधिक अवघड आहे. तापदीप्ती (तापवल्यावर पदार्थातून बाहेर पडणारा प्रकाश मोजण्याच्या) पद्धतीने सु. ५२,००० वर्षे हे वय मिळाले आणि तेच बरीच वर्षे उद्धृत होत राहिले. २०११ मध्ये आर्गॉन समस्थानिकांवरून ५,७०,००० वर्षे (± ४७,०००) असा निष्कर्ष निघाला. विवराचा काठ व बाहेर फेकला गेलेला राडारोडा फारसा झिजलेला नाही, ही कमी वयाच्या बाजूची जमेची गोष्ट. तथापि काचेतील तापदीप्तीचा संकेत कालांतराने क्षीण होऊ शकतो, म्हणून दुसरा आकडा अधिक ग्राह्य वाटतो. उत्तरेस सु. ७०० मी. अंतरावरील अंबर तळे त्याच अशनीच्या तुकड्याने झाले, हे मत सर्वमान्य नाही.

सरोवराला बहिर्गम नाही. ईशान्येकडील घळीतून येणारी गोमुखाची धार गोड्या पाण्याची आहे. आत आलेले पाणी केवळ बाष्पीभवनाने कमी होते, क्षार मागे राहतात आणि पाण्याचा सामू (pH) १० च्या आसपास पोहोचतो. उन्हाळ्यात पाणी हटले की काठच्या काळ्या चिखलावर पांढरी पापडी धरते आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. पाण्याचा हिरवा रंग नील-हरित जीवाणूंमुळे येतो. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले. पातळी घटून क्षारता वाढल्याने हॅलोआर्किया हे लवणप्रिय सूक्ष्मजीव बळावले, असे तपासणीत आढळले.

विवराच्या काठापासून पाण्यापर्यंत उतरताना वनस्पती बदलत जातात, आणि येथील निसर्गाचे खरे मोल या पट्ट्यांत आहे. उतारावर सागासह शुष्क पानझडी वन, खाली बाभूळ, आणि पाण्यालगत जवळजवळ उघडी क्षारभूमी. उथळ पाण्यात शेकाट्या लांब गुलाबी पायांवर वाकून किडे टिपत असतात. टिटव्या कोरड्या चिखलावर, टिबुकल्या खोल पाण्यात. कांडेसर करकोचाही येथे आढळतो. जंगलात मोर, वानर, घोरपड व लांडगा यांच्या नोंदी आहेत. सु. १६० पक्षिजाती, ४६ सरपटणारे प्राणी व १२ सस्तन प्राणी नोंदलेले आहेत. २००० मध्ये ३.६५ चौ. किमी. क्षेत्र अभयारण्य झाले, आणि २०२० मध्ये सरोवराला राज्यातील दुसऱ्या रामसर स्थळाचा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा) दर्जा मिळाला. गोड्या पाण्याची आवक वाढली तर क्षारता उतरते आणि तिच्यावर तगणारे सूक्ष्मजीव मागे पडतात. वेडी बाभूळ ही परकी वनस्पतीही काठावर पसरली आहे.