जुना संगणक आणि फ्लॉपी दुरुस्तीसाठी आणण्यापूर्वी

माळ्यावर पडून असलेला जुना संगणक पुन्हा चालवायचा असल्यास तो घरी चालू करून पाहू नये आणि त्याच्यासोबतच्या फ्लॉपी कोणत्याही ड्राइव्हमध्ये घालू नयेत, ही आमची पहिली विनंती आहे. यंत्राचा सुटा भाग आज ना उद्या मिळतो, परंतु फ्लॉपीवरची माहिती एकदा खरवडली गेली की परत येत नाही. म्हणून आम्ही आधी फ्लॉपींची प्रत काढतो आणि यंत्राला नंतर हात लावतो.

कोकणातील दमट हवेत फ्लॉपीच्या चकतीवर सहज बुरशी धरते. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या लांबट खिडकीतून पांढरट ठिपके दिसत असतील, तर ती ड्राइव्हमध्ये फिरताच बुरशीसह चुंबकीय लेप सुटून ड्राइव्हच्या हेडला, म्हणजे चकती वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या भागाला, चिकटतो, आणि त्याच हेडखाली पुढची चांगली फ्लॉपीही ओरखडली जाते. अशी चकती आवरणातून काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसावी लागते. दमट फ्लॉपी उन्हात मात्र वाळवू नयेत, आवरण वाकते.

प्रत काढताना आम्ही फायली न उचलता चकतीवरील चुंबकीय बदलांची जशीच्या तशी नोंद घेतो, कारण १९७४ साली गॅरी किल्डॉल यांनी तयार केलेली सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम (संगणक चालवणारी प्रणाली) अनेक कंपन्यांच्या यंत्रांवर चालत असली, तरी सव्वापाच इंची फ्लॉपीवरील मांडणी प्रत्येक कंपनीने आपापली ठरवली होती. डॉस या नंतरच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या बाबतीत हा घोळ कमी आहे. तरीही १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये ३६० केबीची फ्लॉपी वाचता येत असताना तीवर लिहून का देत नाही, असे ग्राहक विचारतात. त्या ड्राइव्हचे हेड अरुंद असल्याने जुन्या रुंद ट्रॅकच्या (चकतीवरील नोंदीच्या गोल पट्ट्यांच्या) कडा पुसल्या जात नाहीत, आणि मूळ ३६० केबीच्या ड्राइव्हला नवे-जुने दोन्ही एकदम ऐकू येते.

यंत्रात सर्वप्रथम वीजपुरवठा तपासला जातो. बीबीसी मायक्रोसारख्या संगणकांतील कागदी फिल्टर कपॅसिटरच्या आवरणाला कालांतराने तडे जातात, त्यांतून दमटपणा आत शिरतो आणि वीज देताच धूर निघतो. मदरबोर्डवरची निकेल-कॅडमियम बॅटरी पाझरली असेल, तर तांब्याच्या रेषा हिरव्या पडून खाल्ल्या गेलेल्या आढळतात. हे काम वेळखाऊ आहे, आणि त्याचा खर्च बोर्ड पाहिल्याशिवाय आम्ही सांगत नाही.

एसटी-२२५ सारख्या २० एमबीच्या हार्ड डिस्कचे हेड वीज जाताच आपोआप सुरक्षित जागी सरकत नाही; ते चकतीवरच राहते आणि धक्का बसल्यास चकतीला ओरखडा पडू शकतो. त्यामुळे घाटातून येताना संगणक जाड गादीवर आडवा ठेवावा.

रोजच्या वापरासाठी मूळ ड्राइव्हच्या जागी पेन ड्राइव्हवर चालणारा फ्लॉपी एम्युलेटर (फ्लॉपी ड्राइव्हची नक्कल करणारे उपकरण) बसवून मिळतो; काढलेला ड्राइव्ह आम्ही परत देतो आणि तो जपून ठेवावा असे सुचवतो. सी-डॅक या सरकारी संस्थेच्या जिस्ट कार्डावर (भारतीय भाषांसाठी संगणकात बसवायचे कार्ड) मराठी मजकूर टंकलेला असल्यास तसे आधीच सांगावे, कारण तो इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतात असतो व युनिकोडमध्ये आणण्याचे काम वेगळे धरावे लागते.