हृदयातील रक्तप्रवाहाचे संगणकीय प्रतिमान

हृदयात रक्त कुठे सरसर वाहते, कुठे रेंगाळते आणि कुठे साकळू शकते, हे रुग्णाच्या स्वतःच्या स्कॅनवरून संगणकाने काढण्याची पद्धत. तिचा मुख्य रोख एट्रियल फिब्रिलेशनवर आहे. या विकारात कर्णिका, म्हणजे हृदयाचा वरचा कप्पा, आकुंचन पावण्याऐवजी नुसती थरथरते; तिथे साकळलेली गुठळी मेंदूत जाऊ शकते आणि मेंदूच्या झटक्याचा धोका सुमारे ५ पट होतो.

पावसाळा सरल्यावर पुण्यात मुळा-मुठेकडे पाहावे. जलपर्णी वाहत्या धारेत टिकत नाही; पाणी तुंबते तिथे तिचा गालिचा होतो. हृदयातला असा तुंबणारा कोपरा म्हणजे डाव्या कर्णिकेला चिकटलेली बोटाएवढी पिशवी, कर्णिका-उपांग. झडपेचा आजार नसेल, तर कर्णिकेतल्या सुमारे ९० टक्के गुठळ्या इथेच सापडतात. पिशवीचा आकार माणसागणिक वेगळा. डॉक्टर त्याला कोंबडीचा पंख, निवडुंग, फ्लॉवरचा गड्डा म्हणतात, आणि पंखासारख्या पिशवीत झटक्याचे प्रमाण कमी असल्याचे २०१२ मध्ये दिसून आले. झटक्याचा धोका ठरवायला दवाखान्यात चालणारे चॅड्स-व्हॅस्क गुणांकन मात्र वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा झटका वगैरे मोजते; आकाराला त्यात एकही गुण नाही.

सीटी किंवा एमआरआयवरून पोकळीचा आकार उतरवून घेतात, त्याचे लाखो बारीक कप्पे पाडतात आणि सलग काही ठोक्यांसाठी द्रव कसा वाहतो हे सांगणारी नॅव्हिए-स्टोक्स समीकरणे सोडवतात. पाहायचे ते एवढेच: पिशवीतले जुने रक्त किती ठोक्यांनी बाहेर पडते आणि भिंतीला किती घासून जाते. अन्ननलिकेतून केलेल्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पिशवीतला वेग सेकंदाला २० सेंटिमीटरखाली गेला की गुठळीची धास्ती वाटते. गणितातून आलेला वेग त्याच्याशी ताडून पाहता येतो.

खरी मेख भिंतीत आहे. ती गोठलेली धरली तर गणित झटपट उरकते, पण भिंतीची हालचालच रक्ताला ढकलत असते. शिवाय संथ रक्त अधिक दाट होते, म्हणजे रक्ताचा दाटपणा सगळीकडे सारखाच हे सोपे गृहीतक नेमके त्या पिशवीतच लंगडे पडते. रंगीत चित्र कितीही देखणे असो, आधी दोन प्रश्न विचारावेत: भिंत हलती धरली का, आणि रक्ताचा दाटपणा बदलता धरला का?

अशी समीकरणे सोडवायला लागणारी यंत्रे पुण्याला नवी नाहीत. सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेची स्थापना १९८८ ची, तिथला परम ८००० हा महासंगणक १९९१ चा; पाषाणला आयसर या विज्ञान संस्थेत परम ब्रह्म हा महासंगणक आहे.

रक्त पातळ करणारी गोळी कोणाला द्यायची, हे अजून गुणांकनावरच ठरते. संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप अरुंद झालेले रुग्ण आपल्याकडे बरेच. त्यांची सबंध कर्णिकाच तुंबते. तिथे फिब्रिलेशन दिसले की गुण न मोजताच वॉरफेरिन ही रक्त पातळ करणारी गोळी सुरू करतात, आणि मागोमाग आयएनआरच्या, म्हणजे रक्त किती पातळ झाले हे पाहणाऱ्या तपासणीच्या, फेऱ्या.