‘पेटंट औषध’ आणि पेटंट असलेलं औषध

म्हातारपणी गुडघे धरले, बोटं आखडली की कुणीतरी हमखास गुणाचं एखादं ‘पेटंट’ तेल सुचवतंच. त्या शब्दामुळे बाटलीवर सरकारी शिक्का असल्यासारखं वाटतं. गंमत म्हणजे इतिहासात ज्यांना ‘पेटंट मेडिसिन’ म्हणत, त्यातल्या बहुतेकांनी पेटंट कधी घेतलंच नव्हतं.

पेटंटचा सौदा सरळ असतो: आपला शोध जगासमोर उघड करायचा, बदल्यात काही वर्षांची मक्तेदारी मिळवायची (आता साधारण 20). बाटलीत काय आहे हे सांगितलं तर या मंडळींचा धंदाच बुडाला असता. म्हणून ते नाव आणि लेबल तेवढं जपत, आतला माल गुपित ठेवत. ‘पेटंट’ हा शब्द इंग्लंडच्या राजाच्या जुन्या सनदांवरून आला आणि सनद नसलेल्यांनाही चिकटला.

संधिवातासाठी अमेरिकेत गाजलेलं क्लार्क स्टॅन्लीचं ‘स्नेक ऑइल’ (म्हणजे सापाचं तेल) घ्या. 1916 च्या सुमारास सरकारी तपासणीत त्यात निघालं खनिज तेल, थोडी चरबी, मिरचीचा अर्क, बहुधा कापूर आणि टर्पेंटाइन. दंड झाला 20 डॉलर! पण मिरचीतलं कॅप्सेसिन आजही गुडघ्याला लावायच्या मलमांत असतं. म्हणजे चोळून बरं वाटलं म्हणणारे सगळेच थापा मारत नव्हते. थाप होती ती सापाची.

शिवाय सांधेदुखी कमी-जास्त होत राहते. माणूस बाटली विकत घेतो तो दुखणं शिगेला पोचल्यावर; पुढे ते आपोआप उतरतं आणि श्रेय बाटलीला जातं. पोटात घ्यायच्या काही औषधांत तर चक्क दारू किंवा अफू असे. अमेरिकेत 1906 च्या कायद्याने हे लेबलवर लिहिणं भाग पडलं.

आता खरं पेटंट. ॲस्पिरिनचं अमेरिकी पेटंट बायर कंपनीला 1900 मध्ये मिळालं, 1917 मध्ये संपलं, आणि मग ते कुणीही बनवू लागलं. पण पेटंट म्हणजे औषध गुणकारी आणि निर्धोक असल्याचा दाखलाही नव्हे. ते पाहणारी यंत्रणा वेगळी, आणि तिची परवानगी मिळूनही धोके पुढे उघडे पडू शकतात. रोफेकॉक्सिब हे संधिवाताचं औषध रीतसर पेटंट आणि परवानगी घेऊन आलं होतं. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका दिसल्यावर 2004 मध्ये ते मागे घेतलं गेलं.

गुपित बाटल्याही संपलेल्या नाहीत. 2022 मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने ‘आर्त्री किंग’ या सांध्यांच्या पूरक गोळ्यांबद्दल इशारा दिला: लेबलवर नसलेलं डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड आणि डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक त्यांत सापडलं होतं. अशा गोळीने दुखणं पटकन थांबतं खरं. पण स्टिरॉइडने साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. आणि कित्येक महिने घेतलेली अशी गोळी घाबरून एकदम बंद करणंही घातक ठरू शकतं. ती डॉक्टरांना दाखवूनच सोडावी लागते.