बंगालच्या भूजलातलं आर्सेनिक

पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात हापशाच्या पाण्यातून पोटात जाणारं आर्सेनिक, म्हणजे आपला जुना सोमल, हे भूजलातल्या विषबाधेचं जगातलं सगळ्यात मोठं प्रकरण समजलं जातं. केमिस्ट्रीवाले त्याला धातू नाही तर धातुसदृश म्हणतात, पण अंगात गेल्यावर ते शिसं नि कॅडमियमच्याच पंगतीला बसतं म्हणून जड धातूंत धरतात.

सुरुवात चांगल्या हेतूनेच झाली. तळ्यांचं पाणी पिऊन कॉलरा, हगवणीने पोरं दगावायची म्हणून बांगलादेशात १९७०च्या दशकात युनिसेफच्या मदतीने हापसे बसवले, मग लोकांनी पदरचे पैसे घालून परसात लाखो आणखी बसवले. पाणी दिसायला नितळ, वास नाही, चव नाही, आणि आर्सेनिकची टेस्ट तेव्हा कुणी करतच नव्हतं.

यात कारखान्याचा दोष नाही बरं का. हिमालयातून वाहून आलेल्या गाळात लोहाच्या गंजाला आर्सेनिक चिकटलेलं असतं, खाली ऑक्सिजन नसतो, तिथले बॅक्टेरिया तो गंज विरघळवतात आणि आर्सेनिक पाण्यात सुटतं. त्यामुळे १५० मीटरच्या आतल्या हापशांत ते जास्त सापडतं, त्याहून खोल बोअर बहुतेक ठीक असतात, आणि गंमत म्हणजे ज्या उघड्या विहिरी लोकांनी सोडून दिल्या त्यातही सहसा कमीच. एकाच आळीत एकाचा हापसा चांगला आणि शेजारच्याचा विषारी असंही होतं.

१९८३मध्ये कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांनी पेशंटच्या अंगावरचे डाग पाहून हे ओळखलं, बांगलादेशात ते १९९३ला सापडलं. आधी छाती-पाठीवर पावसाचे थेंब उडाल्यासारखे काळे-पांढरे ठिपके येतात, मग तळहात-तळपाय राठ होऊन त्यावर कुरुपासारखे टणक दाणे, आणि बऱ्याच वर्षांनी त्वचा, फुप्फुस किंवा मूत्राशयाचा कॅन्सर. हे संसर्गजन्य नाही, तरी डाग बघून महारोग समजून लोक लांब राहतात, लग्नं मोडतात.

गावात टेस्ट करायची तर बाटलीत पाणी, ॲसिड आणि जस्ताची पूड टाकतात, वर येणाऱ्या गॅसने कागदाची पट्टी पिवळी ते तपकिरी होते. बांगलादेशात अशी जवळपास ५० लाख हापशांची तपासणी झाली, पास त्याला हिरवा रंग, नापास त्याला लाल, आणि लाल निघाले १४ लाखांच्या वर! तेही लिटरला ५० मायक्रोग्रॅम या तिथल्या मर्यादेने, जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस १०ची आहे.

पाणी उकळून काही होत नाही, उलट वाफ उडून आर्सेनिक दाट होतं. भातातूनही ते येतंच कारण शेताला तेच पाणी, त्यामुळे तांदूळ भरपूर पाण्यात शिजवून पेज ओतून देणं बरं, फक्त ते पाणी लाल हापशाचं नको.