मिर-१२२ आणि यकृताचा कर्करोग : पार्श्वभूमी

यकृताच्या पेशीत जितके मायक्रोआरएनए (जनुकांना आवर घालणारे आरएनएचे छोटे तुकडे) असतात, त्यांतला सुमारे ७० टक्के वाटा एकट्या मिर-१२२चा. जेमतेम २२ अक्षरांचा हा तुकडा. त्यापासून कुठलंही प्रथिन बनत नाही, म्हणून तो ‘नॉन-कोडिंग’. दुसऱ्या जनुकांच्या संदेशावर बसून तो संदेश दाबायचा, एवढंच त्याचं काम.

असा पहिला तुकडा, लिन-४, १९९३ साली एका सूक्ष्म कृमीत अॅम्ब्रॉस आणि रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळांना सापडला. कृमीचीच काही खासियत असेल म्हणून तो बाजूला पडला. २०००मध्ये लेट-७ सापडला आणि तो माणसातही निघाला, तेव्हा लोक जागे झाले. या शोधाला नोबेल मिळायला मात्र २०२४ उजाडलं.

२००२मध्ये उंदराच्या यकृतात मिर-१२२ आढळला. २००५मध्ये कळलं की हिपॅटायटिस सीचा विषाणू वाढण्यासाठी यालाच वापरून घेतो. २००७मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या संशोधकांनी यकृताच्या गाठीत भरमसाट वाढलेला ‘हल्क’ नोंदवला, हा मायक्रोआरएनए नव्हे, पण तसाच नॉन-कोडिंग, लांब आरएनए; तो रुग्णांच्या रक्तातही मिळाला. २०१२चा पुरावा सर्वांत ठोस वाटतो : मिर-१२२ काढून टाकलेल्या उंदरांच्या यकृतात चरबी साठली, सूज आली, पुढे कर्करोग झाला.

उपचाराची वाट मात्र खडतर निघाली. मिर-३४ या दुसऱ्या मायक्रोआरएनएची नक्कल असलेलं एमआरएक्स३४ हे औषध यकृताच्या कर्करोगासह इतर गाठींवर तपासलं जात होतं. प्रतिकारशक्तीच्या गंभीर प्रतिक्रियांत चार रुग्ण दगावले आणि २०१६मध्ये चाचणी थांबली.

आता रक्ततपासणीचं. गाठीत मिर-१२२ बहुधा घटतो, पण यकृताच्या पेशी फुटल्या की रक्तात वाढतो. म्हणजे कावीळ, दारू, औषधाची इजा, कशानंही वाढेल. एकट्या या आकड्यावरून कर्करोग म्हणणं चूकच. सिरोसिसच्या (यकृत कडक, व्रणमय झालेल्या) रुग्णाला दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी या प्रथिनाची रक्ततपासणी, हीच आजही भरवशाची वाट आहे.

संशोधनासाठी नमुना घ्यायचा तर खान्देशात खरी परीक्षा वाहतुकीची. रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणारं रसायन) जांभळ्या झाकणाच्या नळीत घ्यावं. हेपरिनची हिरवी नको, हेपरिन पीसीआर, म्हणजे मिर मोजण्याची चाचणीच, अडवतं. नळी झटकू नये, ८-१० वेळा हळूच उलटी-सुलटी करावी. २ तासांच्या आत सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगानं फिरवून) प्लाझ्मा, म्हणजे पेशींवरचा पिवळसर द्रव, वेगळा काढावा आणि उणे ८० अंशांवर ठेवावा. धडगावहून चांदसैली घाटानं नंदुरबारला अख्खं रक्त नेलं, किंवा जळगावच्या मे महिन्यात गाडीत राहू दिलं, तर तांबड्या पेशी फुटतात. प्लाझ्मा गुलाबी दिसला की समजावं; हलका रंग डोळ्यांना चुकवतो, म्हणून ४१४ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश प्लाझ्मा किती शोषतो ते मोजावं.

इथली फसगत बारीक आहे. तांबड्या पेशीत मिर-१६ आणि मिर-४५१ भरपूर असतात. बऱ्याच प्रयोगशाळा तुलनेचा आधार म्हणून मिर-१६च धरतात. पेशी फुटल्या की हा आधारच फुगतो आणि वाढलेला मिर-१२२ कमी दिसतो. गुलाबी नमुना कितीही दुरून आलेला असो, तो बाद करून दुसरा घ्यावा.