कुंडीतला वाफसा : घरात झाडे ठेवणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या रोपवाटिकेतून झाड घेऊन गेलेले ग्राहक महिन्याभराने परत येतात, तेव्हा त्यांचे पहिले वाक्य बहुतेक वेळा एकच असते : "रोज न चुकता पाणी घातले, तरी झाड गेले." या वाक्यातला 'तरी' काढून तिथे 'म्हणून' घातला, की बऱ्याचदा निदान तिथेच होते. सुरुवातीच्या काळात आम्हीही प्रत्येक झाडासोबत 'रोज थोडे पाणी द्या' एवढाच सल्ला देत होतो. तो सल्ला चुकीचा होता आणि त्यापायी काही ग्राहकांचे पैसे व हौस दोन्ही वाया गेले. त्या चुकीची दुरुस्ती म्हणून हे पत्रक काढले आहे.

पाणी

सांगली जिल्ह्यात शेतीशी नाते नसलेले घर विरळाच, त्यामुळे 'वाफसा' हा शब्द आपणांस नव्याने सांगण्याची गरज नाही. पाऊस किंवा पाणी झाल्यावर जमिनीतले जास्तीचे पाणी निघून जाते आणि मातीच्या कणांमध्ये ओल व हवा दोन्ही खेळू लागतात, त्या स्थितीला आपण वाफसा म्हणतो, आणि तो आल्याशिवाय कोणी शेतकरी रानात औत घालत नाही. कुंडीतल्या मुळांनाही हेच हवे असते. मुळे पाणी पितात तशी श्वासही घेतात; माती सतत चिंब राहिली की हवेची जागा पाण्याने भरते, मुळे गुदमरून कुजू लागतात आणि कुजलेली मुळे समोर पाणी असूनही ते उचलू शकत नाहीत. म्हणून असे झाड नेमके तहानलेल्या झाडासारखेच मलूल दिसते. ते पाहून आपण आणखी एक तांब्या ओततो आणि उरलेली मुळेही जातात. पाने मलूल दिसली, की पाण्याआधी मातीला हात लावावा. माती ओली असताना पाने मान टाकत असतील, तर पाणी पूर्ण थांबवावे आणि कुंडी उजेडात, वारा लागेल अशा जागी हलवावी.

बोट दोन पेरे आत घालून पाहणे ही सर्वांत भरवशाची पद्धत आहे. बोटाला ओली माती चिकटली, तर त्या दिवशी पाणी द्यायचे नाही. द्याल तेव्हा मात्र तळाच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत द्यावे आणि खालच्या ताटलीत साचलेले पाणी अर्ध्या तासात ओतून टाकावे. मनीप्लांट, अरेका पाम आणि पीस लिली यांच्या बाबतीत एवढे पुरते. स्नेक प्लांट, झीझी आणि कोरफड यांची माती तळापर्यंत कोरडी झाल्यावरच पाणी घालावे. ही झाडे पाने, खोड किंवा मुळांजवळच्या गाठींत पाणी साठवून ठेवतात आणि विसराळू माणसाकडेच जास्त सुखात राहतात.

पाण्याच्या प्रमाणाइतकाच त्याचा प्रकारही महत्त्वाचा आहे. उसाला वर्षानुवर्षे पाटाने भरमसाट पाणी दिल्यामुळे कृष्णाकाठची कितीतरी काळी रानेच्या राने क्षारपड झाली, हे आपण पाहिलेले आहे. आठ इंची कुंडीत तेच घडते, फक्त लवकर. बोअरच्या जड पाण्यातले क्षार मातीत साठत जातात, पृष्ठभागावर व कुंडीच्या काठाला पांढरी पुटे चढतात, आणि पानांची टोके करपतात. नळाचे पाणी येत असेल तर तेच वापरावे. पावसाचे पाणी उत्तम, आणि एसीतून ठिबकणारे पाणीही चालते. घरच्या आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी काटकसर म्हणून कुंड्यांना घालण्याची पद्धत मात्र सोडावी, कारण यंत्राने वेगळे काढलेले क्षार त्याच पाण्यात असतात. महिन्या-दीड महिन्यातून एकदा कुंडी न्हाणीघरात नेऊन भरपूर साधे पाणी तळातून वाहू द्यावे, म्हणजे साठलेले क्षार धुऊन जातात.

माती आणि कुंडी

रानातली काळी माती कितीही कसदार असली, तरी ती कुंडीत भरू नये. ओली झाली की ती फुगून घट्ट बसते, वाळली की भेगाळते, आणि दोन्ही वेळा मुळांचे हाल होतात. लाल माती, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि कोकोपीट सारख्या प्रमाणात घेऊन त्यात थोडी जाड वाळू व मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. भोक नसलेली चिनी मातीची कुंडी आवडली असेल, तर झाड भोकाच्या साध्या कुंडीत ठेवून ती आत बसवावी. तळाशी खडे घातले की निचरा होतो, हा समज खरा नाही. पाणी खड्यांवरच्या मातीत अडून राहते आणि मुळांजवळची चिखलाची पातळी उलट वर येते.

शेतासाठी आणलेले १९:१९:१९ खत बऱ्याच घरांत शिल्लक असते. ते घरातल्या झाडांना चालते, पण लिटरभर पाण्यात १ ग्रॅम एवढेच, ओल्या मातीत, आणि महिन्यातून एकदा. मूठ मारून टाकल्यास मुळे जळतात. आजारी झाडाला खत देऊ नये.

उजेड आणि जागाबदल

आमच्याकडे झाडे हिरव्या जाळीखाली वाढतात. तिथून थेट दिवाणखान्याच्या कोपऱ्यात गेल्यावर पहिल्या तीन-चार आठवड्यांत काही जुनी पाने पिवळी होऊन गळणे स्वाभाविक आहे. या काळात कुंडी बदलू नये आणि रोज जागाही बदलू नये. दिवसा दिवा न लावता जिथे वर्तमानपत्र वाचता येते, ती जागा बहुतेक झाडांना पुरते. पश्चिमेच्या खिडकीतले एप्रिल-मेचे ऊन मात्र काचेतूनही पाने भाजून काढते. त्या दोन महिन्यांत कुंड्या दोन हात आत सरकवाव्यात. जुलै-ऑगस्टमध्ये हवाच दमट असते आणि माती आठवडाभरही वाळत नाही, म्हणून आमच्याकडे दगावलेली झाडे उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्यात अधिक येतात.

कीड

पानांच्या बगलेत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले, तर तो द्राक्षबागायतदारांचा जुना वैरी पिठ्या ढेकूण समजावा. कापसाच्या बोळ्याने तो पुसून काढावा, झाड इतरांपासून दूर ठेवावे आणि लिटरभर पाण्यात ५ मिलि निंबोळी तेल व भांड्यांच्या साबणाचे काही थेंब मिसळून संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंवर फवारावे. आठवड्याच्या अंतराने तीन वेळा हे करावे लागते, कारण अंड्यांतून नवी पिल्ले निघत राहतात. द्राक्षांसाठी आणलेले कीटकनाशक घरात फवारण्याचा विचारही करू नये. जिथे मुले झोपतात तिथे ते औषध नव्हे, विष आहे.

लहान मुले किंवा पाळीव प्राणी घरात असतील, तर खरेदीपूर्वी आम्हांला अवश्य सांगावे. मनीप्लांट, डिफेनबॅकिया आणि पीस लिली यांच्या पानांत ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि चावल्यास तोंडाची आग होऊन सूज येते. झाडे घरातली हवा शुद्ध करतात, असे सांगून आम्ही ती विकत नाही. नासाचा १९८९ चा जो अभ्यास त्यासाठी पुढे केला जातो, तो हवाबंद पेटीतला होता. खिडक्या-दारे असलेल्या घरात दोन-चार कुंड्यांनी मोजता येईल असा फरक पडत नाही.

झाड आजारी वाटल्यास कुंडीसह आणावे; केवळ तुटलेले पान पाहून मुळांचे सांगता येत नाही. कीड असल्यास कुंडी पिशवीत बांधून आणावी, आणि ती घरात कुठे ठेवली होती त्याचा मोबाइलवर एक फोटो काढून आणावा. तपासणीचे पैसे आम्ही घेत नाही. कुंडी बदलून हवी असल्यास फक्त माती आणि कुंडीची किंमत आकारली जाते.