तीन मांजरं लक्षात राहिली, नाव गेलं

नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीचा दुसरा मजला, शनिवारची संध्याकाळ, जर्मनचा पहिला तास. आम्ही अकरा जण गोलात खुर्च्या मांडून बसलो होतो. खालून गोखले रोडवरचे रिक्षांचे हॉर्न, वर करकरणारा पंखा. मॅडमनी फळ्यावर पाच शब्द लिहिले: घरचे, पाळीव प्राणी, शिक्षण, छंद, काम. म्हणाल्या, "प्रत्येकानं स्वतःबद्दल पाच वाक्यं सांगायची. आज मराठीत, पुढच्या शनिवारी जर्मनमध्ये."

लेक जर्मनीत नोकरीला आहे, म्हणून मी तिथे. कळव्याच्या दोन मुली नर्सिंग करून तिकडे जायच्या तयारीत, घोडबंदर रोडवरून आलेला एक इंजिनीयर, समोर एक निवृत्त गृहस्थ. माझा नंबर सातवा. तास संपवून जिना उतरताना लक्षात आलं की माझ्या आधी बोललेल्या मुलानं काय सांगितलं त्यातलं एक अक्षर मला आठवत नाही. तो माझ्या शेजारीच बसला होता, कोपराला कोपर लागेल इतका जवळ.

वयाला दोष देऊन मोकळी झाले असते, पण या विसरण्यावर संशोधन झालेलं आहे. १९७३ साली माल्कम ब्रेनर या मानसशास्त्रज्ञानं माणसांना गोलात बसवून पाळीपाळीनं शब्द मोठ्यानं वाचायला लावले आणि नंतर कोणाला काय आठवतं ते तपासलं. स्वतः वाचलेले शब्द सगळ्यांना छान आठवत होते. मात्र आपली पाळी यायच्या आधीच्या साधारण ९ सेकंदांत वाचले गेलेले शब्द पुसल्यासारखे झाले होते. त्या वेळात माणूस मनात स्वतःच्या वाक्याची तालीम करत असतो. शेजाऱ्याचा आवाज कानावर पडतो, पण मेंदू त्याची नोंदच करत नाही. जे साठवलंच नाही, ते पुढे आठवणार कुठून? म्हणजे ओळखपरेड नावाचा जो प्रकार आपण शाळेपासून सोसायटीच्या सभेपर्यंत करतो, त्यात प्रत्येकाच्या हातून निदान एक माणूस निसटतो. आणि तो बहुधा शेजारचाच असतो.

समोरच्या गृहस्थांचं मात्र मला बरंच आठवत होतं. टपाल खात्यातून निवृत्त, पेटी वाजवतात, घरी तीन मांजरं. नाव विचाराल तर कोरं.

याचंही कारण सापडतं. १९८७ साली इंग्लंडमध्ये एक साधा प्रयोग झाला. लोकांना अनोळखी चेहरे दाखवले आणि प्रत्येकाचं आडनाव आणि व्यवसाय सांगितला. गंमत अशी की काही शब्द दोन्हीकडे चालणारे होते. इंग्रजीत 'बेकर' हे आडनावही आहे आणि पाव भाजणाराही बेकरच. आपल्याकडे याला तोटा नाही: सुतार, माळी, गवळी, कुंभार, सोनार. शब्द तोच, चेहरा तोच. 'हे सुतारकाम करतात' असं सांगितलं तर लक्षात राहतं, 'यांचं आडनाव सुतार' असं सांगितलं तर विसरायला होतं.

सुतारकाम म्हटलं की रंधा दिसतो, भुशाचा वास येतो, घरात कपाट करून घेतलं होतं तेव्हाचा तो महिनाभराचा पसारा आठवतो. नव्या चेहऱ्याला अडकवायला मेंदूला दहा खुंट्या मिळतात. आडनावाला तसं काही नसतं. ठाण्यातल्या एखाद्या सुतारांनी आयुष्यात करवत धरली नसेल, ते बँकेत असतील. त्यामुळे आडनाव ऐकून त्या माणसाबद्दल काहीच कळत नाही. पुढे १९९० साली जिलियन कोहेन यांनी उलट बाजूनं तपासलं. व्यवसाय म्हणून निरर्थक शब्द दिले, तेव्हा व्यवसायाची ही सरशी उरली नाही. अर्थाची खुंटी काढून घेतली की व्यवसायही नावाइतकाच घसरडा होतो.

मांजरांचा मुद्दा मात्र आणखी वेगळा आहे. काका बोलता बोलता म्हणाले, "मला तीन मांजरं आहेत." नर्सिंगच्या मुली खुदकन हसल्या. मॅडमही हसल्या, पण त्यांनी तिथेच थांबून फळ्याकडे मोर्चा वळवला. मराठीत आपण 'मला एक बहीण आहे' म्हणतो, पण 'माझ्याकडे गाडी आहे' म्हणतो. 'माझ्याकडे बहीण आहे' म्हटलं तर ती चार दिवस राहायला आलीय असं वाटेल. नातं 'मला' असतं, वस्तू 'माझ्याकडे' असते. जर्मनमध्ये बहीण, मांजर, गाडी सगळ्यांना एकच क्रियापद, 'हाबेन'. जगातल्या कितीतरी भाषा आपल्यासारखा भेद करतात; भाषाशास्त्रात याला तोडता येणारी आणि न तोडता येणारी मालकी म्हणतात. काकांनी मांजरं सरळ नात्याच्या, न तोडता येणाऱ्या खात्यात टाकली होती.

आणि मानसशास्त्र काकांच्या बाजूनं आहे. विल्यम जेम्स यांनी १८९० सालीच लिहून ठेवलंय की माणूस ज्याला ज्याला 'माझं' म्हणू शकतो त्या सगळ्याची बेरीज म्हणजे त्याचा 'स्व'. त्यांच्या यादीत शरीर आणि मन तर आहेच, पण कपडे, घर, बायकामुलं, पूर्वज, मित्र, जमीनजुमला आणि घोडेसुद्धा आहेत. शंभर वर्षांनी, १९९१ मध्ये, आर्थर ॲरन आणि सहकाऱ्यांनी हे मोजून पाहिलं. विवाहित लोकांना पडद्यावर एकेक गुण दाखवून 'हा माझ्यात आहे की नाही' असं झटपट ठरवायला सांगितलं. जो गुण नवरा-बायकोपैकी एकातच होता, तिथे उत्तर द्यायला जास्त वेळ लागला. आपलं कुठलं आणि जोडीदाराचं कुठलं, हे वेगळं काढताना मेंदू क्षणभर अडखळतो. तीस वर्षं संसार केलेल्या कोणालाही हे प्रयोगाशिवाय माहीत असतं, पण सेकंदाच्या अंशात मोजलेलं बघायला बरं वाटतं.

आता पाच वाक्यांत कोण काय निवडतं ते बघा. १९५४ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात कुन आणि मॅकपार्टलंड यांनी २८८ विद्यार्थ्यांना 'मी कोण?' या एकाच प्रश्नाची २० उत्तरं १२ मिनिटांत लिहायला सांगितली. आधी आली ती 'विद्यार्थी', 'मुलगी', 'नवरा' अशी, सगळ्यांना ठाऊक असलेल्या खात्यांतली उत्तरं. ती संपल्यावर 'आनंदी', 'कंटाळलेला' वगैरे. पुढे विल्यम मॅग्वायर यांना शाळकरी मुलांत दिसलं की भोवतालच्यांपेक्षा जे वेगळं, ते मूल आवर्जून सांगतं. दुसऱ्या देशात जन्मलेलं मूल जन्मस्थान सांगतं, इतरांच्या ते मनातही येत नाही.

हे तर आपण रोज करतो. पुण्यात मी 'ठाण्याची' असते, ठाण्यात 'नौपाड्यातली', आणि नौपाड्यात थेट इमारतीचं नाव. लेक तिकडे नुसती 'इंडियाची'.

माझं माहेर नेरूळजवळच्या एका गावठाणातलं. तिथे अजूनही अनोळखी पोराला आधी विचारतात, "कोनाचा तू?" उत्तरात बापाचं नाव, आणि तेवढ्यानं भागलं नाही तर आजाचं. सिडको १९७० साली आली, शेतांवर सेक्टर उठले. गावठाण ओलांडून रस्त्यापलीकडे गेलं की प्रश्न बदलतो: "कुठल्या सेक्टरला? काय करता?" केनियातल्या एका अभ्यासात (१९९७) नेमका असाच फरक सापडला होता. 'मी कोण' याला मसाई आणि सांबुरू या पशुपालक जमातींच्या लोकांनी दिलेल्या उत्तरांपैकी ८० टक्क्यांच्या आसपास नात्यांची आणि समाजातल्या भूमिकांची होती. अमेरिकी विद्यार्थ्यांत तो आकडा १२ टक्के. नैरोबीतले विद्यापीठातले विद्यार्थी मात्र मसाईंपेक्षा अमेरिकनांच्याच जवळचे निघाले. देशापेक्षा शिक्षणानं आणि शहरानं जास्त फरक पाडला होता. माझ्या भाच्याकडे बघून मला ते पटतं: गावात तो आजोबांचा नातू, ऐरोलीच्या ऑफिसात 'डेटावाला'.

पुढच्या शनिवारी मॅडमनी डाव उलटवला. स्वतःची नाही, समोरच्याची ओळख करून द्यायची, जर्मनमध्ये. मी काकांची पेटी, टपाल खातं आणि मांजरं घडाघडा सांगितली आणि नावाशी येऊन थांबले. मग काका उठले. माझं शिक्षण सांगितलं, मी बागकाम करते तेही सांगितलं. मग नावाच्या जागी थोडं चाचरले, खिशातली चिठ्ठी उघडून पाहिली, तीवरही नसावं. शेवटी मराठीतच म्हणाले, "या त्या जर्मनीतल्या मुलीच्या आई."